नवीन कार्यकर्त्यांचं दहा दिवसांचं ट्रेनिंग घ्यायचंय, नेमकं काय शिकवू?

पायवाट
सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या आणि विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी नगर-बीडच्या सीमेवर एका छोट्या संस्थेत काम करते, अकरा वर्षं झाली. पारधी, वैदू, मसणजोगी, गोसावी अशा वस्त्यांवर. जूनपासून आमच्याकडे नऊ नवीन जण येतायत. सहा ताजे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि तिघं वस्तीतलेच, त्यातला एक दहावी, दोघी बारावी. या सगळ्यांचं ट्रेनिंग माझ्या गळ्यात पडलंय. वरून तयार पीपीटी आलंय, १४० स्लाईडचं. पहिली स्लाईड "समावेशन म्हणजे काय?", दुसरीवर व्याख्या, तिसरीवर अजून एक व्याख्या, चौथीवर हातात हात घालून उभ्या रंगीबेरंगी बाहुल्या. तिथंच लॅपटॉप मिटला.

माझं स्वतःचं सांगते. एमएसडब्ल्यू करून नोकरीला लागले आणि दुसऱ्याच दिवशी सर्व्हेचा फॉर्म घेऊन एका पालावर (भटक्यांच्या तंबूवजा झोपड्यांच्या वस्तीवर) गेले. सकाळी साडेदहाची वेळ, कर्ती माणसं सगळी कामाला गेलेली, एक म्हातारी गोधडी शिवत बसली होती. मी आपली नमस्कार करून सुरू झाले, कुटुंबात किती जण, शाळेत किती जातात. तिनं सुई थांबवली आणि विचारलं, "तू कितवी गं?" मी म्हटलं कितवी म्हणजे? तर म्हणाली, "कागुद घिऊन येणारी कितवी? मागल्या साली दोघी आल्या हुत्या, त्याच्या आदी एक दाढीवाला. समद्यांनी इचारलं पोरं किती. पोरं हायती तितकीच हायती." आणि परत सुई सुरू. मी तो फॉर्म तसाच परत आणला.

कॉलेजनं मला व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन शिकवलं, व्यक्तिसहाय्याची बीस्टेकची सात तत्त्वं अजूनही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण जातीच्या दाखल्याला विमुक्त-भटक्यांकडून २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, आदिवासींकडून ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, हे मला प्रांत ऑफिसच्या क्लार्ककडून कळलं, तेही त्यानं खेकसून सांगितल्यावर. जो माणूस तेव्हा गावोगाव फिरत होता, ज्याला गावात मुक्काम करू देत नव्हते, त्यानं त्या तारखेच्या आधी आपण इथलेच रहिवासी होतो हे कुठून दाखवायचं? आणि फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात पण राजपारधी, पालपारधी विमुक्त जातीत, हे तर मी एका पोराचं नुकसान करूनच शिकले. शाळेत नाव घालताना आईला लिहिता येत नव्हतं, शेजारच्यानं सांगितलं ते मी रजिस्टरच्या फॉर्मवर "राजपारधी" लिहिलं. त्याच्या थोरल्या भावाच्या दाखल्यावर "फासेपारधी" होतं. एकाच आईची दोन पोरं, एक एसटीच्या (अनुसूचित जमातीच्या) रांगेत, एक व्हीजेच्या (विमुक्त जातीच्या). धाकट्याचा दाखला अडकला, अकरावीचं वर्ष गेलं. अक्षर माझं होतं. आजही तो पोरगा बाजारात भेटला की ताई म्हणून चहा पाजतो, मला तो घशाखाली उतरत नाही.

तर प्रश्न असा, की दहा दिवसांत काय घेऊ? तुमच्या ट्रेनिंगमध्ये काय फुकट गेलं, काय कामाला आलं? आणि एमएसडब्ल्यूवाले व वस्तीतले एकत्र बसवायचे म्हणजे कसे?

---

गारवा
सोमवार, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. म्हातारी भारी आहे.

---

सरळवळण
सोमवार, रात्री ११:३२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बाबा आमटेंनी कुठं एमएसडब्ल्यू केलं होतं? वकील होते ते. तळमळ असली की सगळं येतं आणि नसली की दहा काय शंभर दिवस ट्रेनिंग द्या. हल्ली समाजसेवेचीसुद्धा डिग्री निघाली, पगार निघाले, पीपीटी निघालं. या सगळ्यात वंचितांचं काय भलं झालं ते सांगा.

---

जुना_मास्तर
मंगळवार, सकाळी ७:१५

@सरळवळण, हा प्रश्न मला एकतीस वर्षं दर जूनमध्ये कुठल्यातरी पालकाने विचारला आहे, त्यामुळे उत्तर तयार आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत काय केलं? गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि ते १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या बायकांना तळमळ आधीही होतीच की, बाळं त्यांच्याच गावची होती. कमी होतं ते शिक्षण. बाबांचंही म्हणाल तर कुष्ठरोग्यांत काम सुरू केल्यावर ते कलकत्त्याला जाऊन त्या रोगाचं रीतसर शिकून आले होते.

आता पायवाटताई. मी समाजकार्याच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालो. तुमचा पीपीटीवरचा राग मान्य, पण सगळं फेकू नका. एक जुनी गोष्ट सांगतो, आमच्या क्षेत्रातल्या पोरांनाही माहीत नसते. देशातली समाजकार्याची पहिली शाळा मुंबईत १९३६ साली सुरू झाली, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, तीच पुढे १९४४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट. हा गृहस्थ त्याआधी दहा वर्षं नागपाड्याच्या वस्तीत नेबरहुड हाऊस चालवत होता. म्हणजे वस्ती आधी, वर्ग नंतर. आपण पुढे ते उलटं करून ठेवलं आणि वस्तीला "फील्डवर्क" नाव देऊन आठवड्याचे दोन दिवस दिले.

मी म्हणेन रेकॉर्डिंग सोडू नका. रेकॉर्डिंग म्हणजे हल्ली पोरं लिहितात तसलं नव्हे, "आज संस्थेस भेट दिली, लाभार्थ्यांशी संवाद साधला, समस्या जाणून घेतल्या". हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचलंय की मला त्याचा वास येतो. एकदा तर दोन वह्यांत एकच लाभार्थी, एकच समस्या, वस्त्या मात्र वेगळ्या! खरं रेकॉर्डिंग म्हणजे समोरचा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तुम्ही काय विचारलंत, तेव्हा तुमच्या पोटात काय झालं आणि कुठे तुम्ही विषय बदललात. विशेषतः कुठे विषय बदललात. तुमचा तो म्हातारीचा प्रसंग हे उत्तम रेकॉर्डिंग आहे, अकरा वर्षांनी लिहिलंत एवढंच. रोज संध्याकाळी प्रत्येकाबरोबर बसून अर्धा तास वही वाचा. नऊ जणांचे साडेचार तास होतात, मला कल्पना आहे, पण दुसरा मार्ग मला सापडला नाही. जास्तच झालं तर आज पाच, उद्या चार करा.

---

सरळवळण
मंगळवार, सकाळी ९:४०

बरं, बंग दांपत्याचा मुद्दा मान्य. पीपीटीवर मात्र मी ठाम आहे.

---

वॉर्ड_चौदा
मंगळवार, दुपारी २:२०

मी मुंबईत एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभागात. लंच ब्रेकमध्ये टायपतेय, शुद्धलेखन बघू नका.

आमच्याकडे दरवर्षी फील्डवर्कला पोरं येतात. हुशार असतात, इंग्रजी छान, सगळ्यांना पॉलिसीवर बोलता येतं. पण खिडकीवर उभं राहायला घाबरतात. हॉस्पिटलमध्ये समावेशन वगैरे जे काही आहे ते त्या खिडकीवर होतं, केसपेपरच्या खिडकीवर. मागं एकदा एक पोरगी आलेली, मनानं फार चांगली. एक तृतीयपंथी पेशंट आल्या, पोटात दुखत होतं. आधारवर जुनं नाव. ही पोरगी मदत करायला पुढं झाली आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाली, "तुमचं खरं नाव काय?" झालं. मागच्या दोघी फिस्सकन हसल्या, पेशंटनं कागद हिसकावून घेतला आणि निघून गेल्या. पोरगी रडायला लागली की मी वाईट काय बोलले. तिला तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा नाल्सा निकाल पाठ होता हो! २०१९ च्या कायद्यानं कलेक्टरकडून ओळखपत्र मिळतं हेही माहीत होतं. फक्त "तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारू?" हे पाच शब्द माहीत नव्हते.

कुणाला कुठल्या नावानं बोलवायचं, कुठले शब्द वापरायचे, हे करून बघितल्याशिवाय येत नाही. म्हणून माझं म्हणणं, एक पूर्ण दिवस नुसता खिडकीचा ठेवा. एकानं क्लार्क व्हायचं, एकानं पेशंट, एकानं रांगेतला वैतागलेला माणूस. क्लार्कची भूमिका एमएसडब्ल्यूवाल्यांना द्या, गंमत बघा, दहा मिनिटांत खेकसायला लागतात. मग कळतं की क्लार्क राक्षस नाहीये, त्याच्यासमोर दोनशे माणसं आहेत आणि पंखा बंद आहे. त्याच्याकडून काम कसं काढायचं हाही शिकायचा विषय आहे. मी आमच्या खिडकीवरच्या मावशींच्या नातवाचं बारसंसुद्धा अटेंड केलंय.

अजून एक, फॉर्म वाचून दाखवायला शिकवा. उत्पन्नाचा दाखला, संजय गांधी निराधारचा अर्ज, यूडीआयडी (अपंगांचं ओळखपत्र). अपंग सोडून बाकीच्यांना संजय गांधीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. दिवसाला ५८ रुपयांच्या आत. हे बाईला समजावून सांगताना आपलं तोंड कसं होतं ते आरशात बघावं एकदा.

---

चाकांवर
मंगळवार, रात्री ८:१०

वॉर्ड_चौदा, खिडकीची उंची पण बघा जमलं तर. मला बहुतेक खिडक्यांमधून क्लार्कचं फक्त कपाळ दिसतं.

मी व्हीलचेअर वापरतो. पायवाटताई, तुमचा विषय वस्त्यांचा आहे पण एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका ठिकाणी "समावेशक समाजासाठी कार्यकर्ता प्रशिक्षण" होतं, मला पाहुणा म्हणून बोलावलं. कार्यक्रम तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चार पोरांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि वर पोचल्यावर हॉलमध्ये टाळ्या. टाळ्या पोरांसाठी होत्या, माझ्यासाठी नाही. मग मी काय बोलायचं ठरवून गेलो होतो ते सगळं विसरलो कारण डोक्यात एकच, टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे आणि परत चार जणांना सांगायचं का. तीन तास पाणी प्यायलो नाही.

त्यात शेवटी एक खेळ होता. डोळ्याला पट्टी बांधून हॉलमध्ये फिरायचं, म्हणजे अंधांचं दुःख कळतं. कृपा करून हा खेळ घेऊ नका. पट्टी बांधून दहा मिनिटं धडपडलेल्या माणसाला एवढंच कळतं की बापरे किती वाईट, आपण किती नशीबवान. आंधळा माणूस दहा मिनिटांचा आंधळा नसतो, त्याला काठी वापरता येते, आवाजावरून रस्ता कळतो, फोन आपल्यापेक्षा जलद चालवतो. त्याऐवजी तुमच्या पोरांना एक टेप द्या आणि तालुक्याच्या ठिकाणी पाठवा. पंचायत समिती, तहसील, बँक, ग्रामीण रुग्णालय. पायऱ्या किती, रॅम्प आहे का, रॅम्पच्या तोंडाशी मोटरसायकली लावल्यात का (लावलेल्याच असतात). २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे ७ प्रकार होते त्याचे २१ झाले, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. रॅम्पवरची मोटरसायकल कुणी काढायची ते कुणालाच ठाऊक नसतं.

---

पायवाट
मंगळवार, रात्री ९:००

@चाकांवर, तो पट्टीचा खेळ त्या पीपीटीत आहे. स्लाईड ८८. काढला.

---

तिसरा_पाल
मंगळवार, रात्री ११:५५

बराच वेळ लिहू का नको करत होतो. मी पारधी समाजातला. एमएसडब्ल्यू केलंय, आता नोकरी पण त्याच लायनीत.

आमच्या वर्गात आमचा विषय अर्ध्या तासात संपला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाले, "त्यांच्यात अजूनही अंधश्रद्धा, व्यसन व शिक्षणाचा अभाव आढळतो", पुढचा पाठ. आणि सगळा वर्ग वळून माझ्याकडं बघतोय. सर पण म्हणले, तू सांग ना जरा तुमच्यातलं. काय सांगू? मी होस्टेलवर वाढलोय, मला शिकार येत नाही, मला एक्सेल येतं.

ताई तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही मनापासून लिहितो. दहा दिवसांत पहिली गोष्ट शिकवा ती पोलीस स्टेशन. तुम्ही दाखल्याचं लिहिलं ते बरोबरच हाय पण दाखला सकाळी लागतो. रात्री दोन वाजता जीप येते तेव्हा काय लागतं? पंचक्रोशीत कुठं चोरी झाली की आमच्या पालावर येतात, अजून पण. तेव्हा बाया तुमच्या नव्या मॅडमला फोन करणार. मॅडम म्हणणार "मी उद्या ऑफिसला विचारून सांगते". संपलं, त्या पालावर परत तुमची किंमत नाही. पोरास्नी हे तोंडपाठ पाहिजे की अटक केली की घरच्यांना कळवावं लागतं, अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते (सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल, १९९६), २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, बाईमाणसाला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, अपवाद सोडून, आणि कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्यानं वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीचा नंबर फोनमध्ये सेव्ह पाहिजे. आणि ठाण्यात जाऊन हे भांडून नाही, हळू आवाजात बोलायला जमलं पाहिजे. मुंबईत पोलीस स्टेशनात बायकांसाठी स्पेशल सेल १९८४ साली सुरू झाला, तिथं टाटा संस्थेचे सोशल वर्कर ठाण्याच्या आत बसले. आत बसल्यावरच खरं काय ते कळतं, बाहेर मोर्चा काढून नाही. म्हणजे मोर्चा नको असं नाही. दोन्ही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. आमच्या घरात एक कागद नव्हता. माझा दाखला कशावर निघाला माहितीये? आजोबांवरच्या १९४७ सालच्या केसचा कागद सापडला, त्यात नावापुढं जात लिहिलेली. आजा जिवंत असता तर लय हसला असता, त्यानं ज्यापायी मार खाल्ला त्याच कागदावर नातू कॉलेजात गेला. तर जुन्या कोर्टाचं, पोलिसांचं रेकॉर्ड कसं काढायचं, गृहचौकशी (जात तपासायला घरी येऊन करतात ती) कशी मागायची हे पण शिकवा.

तिसरं, आणि हे कडू आहे. तुमच्या त्या तिघांचा पगार किती आणि सहांचा किती? सहा जण तिघांकडूनच भाषा शिकणार, तिघांच्या ओळखीवर पालात शिरणार, कुत्री आवरायला पण तिघंच. आणि रिपोर्टवर नाव सहांचं. आमच्यातला असला की "कार्यकर्ता", बाहेरचा आला की "सोशल वर्कर". ट्रेनिंग एकत्र घेताय ते ठीक, पगारपत्रक पण एकत्र काढा मग बोलू.

---

गारवा
बुधवार, सकाळी ८:०२

तिसरा_पाल, तुमचा स्वतंत्र धागा यायला हवा. वाट बघतोय.

---

सरळवळण
बुधवार, सकाळी १०:११

सगळे पोलीस तसे नसतात. आणि गुन्हे घडतात हेही सत्य आहे.

---

तिसरा_पाल
बुधवार, सकाळी १०:४५

घडतात ना. ज्यानं केला त्याला धरा. तुमच्या सोसायटीत एकानं चोरी केली तर सगळ्या विंगला जीपमध्ये घालत नाहीत, एवढंच म्हणणं हाय.

---

संपादक
बुधवार, सकाळी ११:३०

यावरची पुढची चर्चा व्यनित (खाजगी निरोपात) करावी. धाग्याचा विषय प्रशिक्षण आहे. तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

थेम्सकाठी
बुधवार, दुपारी ४:२५

मी इंग्लंडमध्ये एका काउन्सिलमध्ये (इथली स्थानिक स्वराज्य संस्था) चिल्ड्रन्स सोशल वर्कर आहे, मूळ सांगलीचा. इथलं थोडं सांगतो, कदाचित उपयोग होईल. इथं "सोशल वर्कर" हा शब्दच कायद्यानं राखीव आहे, सोशल वर्क इंग्लंड नावाच्या संस्थेकडे नोंदणी नसेल तर स्वतःला तसं म्हणवून घेता येत नाही. भारतात वकिलाला बार कौन्सिल आहे, नर्सला आहे, आपल्याला सरसकट तसं काही नाही (२०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात हॉस्पिटलमधले सोशल वर्कर आलेत, वॉर्ड_चौदा यांना माहीत असेल).

पण मला सांगायचंय ते वेगळं. इथं २००३ मध्ये सोशल वर्कची डिग्री नव्यानं आली तेव्हापासून कोर्समध्ये सेवा घेणाऱ्या माणसांना सामील करणं बंधनकारक आहे. माझ्या प्रवेशाच्या मुलाखतीला तिघं होते, त्यातली एक बाई लहानपणी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारनं दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेली, अशी वाढलेली. तिनं मला एकच प्रश्न विचारला, "तुला उशीर होणार असेल तर तू मुलाला फोन करशील की फॉस्टर आईला?" मी म्हटलं आईला. ती म्हणाली, "सगळे तेच म्हणतात. मी खिडकीत बसून असायचे." बाकी दोन प्रोफेसरांनी काय विचारलं ते आता आठवत पण नाही.

स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात याच्या पुढं गेलेत. २००५ पासून तिथं एक कोर्स आहे, त्यात समाजकार्याचे विद्यार्थी आणि ज्यांनी बेघरपणा, व्यसन वगैरे भोगलंय अशी माणसं एकाच बाकावर, दोघांनाही तेच क्रेडिट. पाहुणा म्हणून अनुभवकथन नाही, विद्यार्थी म्हणून. पायवाटताई, तुमचे सहा अधिक तीन म्हणजे नकळत तेच जमून आलंय, फक्त पहिल्या दिवशी तिघांना "तुम्ही यांना वस्ती दाखवा" असं सांगू नका, नाहीतर ते गाईड होतील.

इथलं सगळं गोडही नाही हं. माझा निम्म्याहून जास्त वेळ कॉम्प्युटरवर जातो, मुलांकडे उरलेला.

---

वॉर्ड_चौदा
बुधवार, दुपारी ४:५०

हो, आम्ही त्या कायद्यात आलोय. खिडकीवरचा पंखा अजून त्यात आलेला नाही.

---

जुना_मास्तर
बुधवार, संध्याकाळी ६:३०

तिसरा_पाल यांनी वर्गातला जो प्रसंग लिहिला त्यातला "सर" मी नसेन कदाचित, पण मीही असा प्रश्न विचारलेला आहे. एकदा नाही. त्या मुलाने तेव्हा काहीतरी गोड उत्तर देऊन माझी सुटका केली होती, हे आज समजतंय.

---

पायवाट
गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. डोकं गरगरतंय. आत्तापर्यंत ठरलं ते असं, पहिले तीन दिवस हॉलच नाही. सकाळी सुट्टी आणि संध्याकाळी सहा ते नऊ वस्तीवर, कारण माणसं तेव्हाच घरी असतात. अकरा ते पाच फील्डवर्क ही कॉलेजची सोय आहे, पालाची नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. फॉर्म, पेन, मोबाईल काही न्यायचं नाही. शिकवणार वस्तीतल्या चार बाया, त्यांना बाहेरच्या तज्ज्ञाला देतो तेवढंच मानधन (यावर ट्रस्टींशी वाजलं, पण झालं). त्यात ती म्हातारी पण आहे, ती आता मला मोजत नाही.

चौथा दिवस पेटीचा. प्रत्येक पालात एक पत्र्याची पेटी असते आणि पेटीच्या तळाशी साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळं. पोलिओचं कार्ड, जुन्या रेशनकार्डाची झेरॉक्सची झेरॉक्स, कुठल्यातरी शिबिराचं प्रमाणपत्र, मतदानाची चिठ्ठी, लग्नातला फोटो. एका कुटुंबानं आपली पेटी उघडायला होकार दिलाय. नऊ जणांनी त्यातून सांगायचं की या घराला काय काय मिळू शकतं, काय अडतंय, कशामुळे. आधारवर आडनाव एक, रेशनवर दुसरं, आणि जन्मतारीख सगळ्यांची १ जून, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच टाकली. अर्ध्या वस्तीचा वाढदिवस एकाच दिवशी असतो आमच्याकडे, केक परवडत नाही म्हणून बरंय. मग खिडकीचा दिवस, पोलीस स्टेशनचा दिवस (आमच्या इथल्या एक पीएसआय मॅडम यायला तयार आहेत), टेप घेऊन तालुका. रोज रेकॉर्डिंग.

पगाराचं विचारलं. नाही झालं. ट्रस्टी म्हणाले डिग्रीप्रमाणे. रिपोर्टवर मात्र नवांची नावं येतील, ते माझ्या हातात आहे.

---

तिसरा_पाल
गुरुवार, रात्री १०:४०

खरं सांगितलं ते बरं केलं. एक लक्षात ठेवा, पहिल्या संध्याकाळी पाणी देतील ते सगळ्यांनी प्यायचं. बाटली काढायची नाही ब्यागेतून. त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

---

पायवाट
(तीन आठवड्यांनी) रविवार, दुपारी १२:२०

झालं एकदाचं. सांगितलं होतं म्हणून लिहितेय, सगळं छान झालं असं काही नाही.

पाणी आठ जणांनी प्यायलं. एकानं ओठांना लावून ठेवलं, ते म्हातारीनं बघितलं, बोलली नाही. त्यानं रात्री वहीत स्वतःहून लिहिलं, "मी प्यायलो नाही आणि मग एक तास मला तिच्याकडे बघता आलं नाही." जुने मास्तर, तुम्हाला ही वही आवडली असती. दोघी एमएसडब्ल्यू तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की मॅडम खरं ट्रेनिंग कधी सुरू होणार, नोट्स काहीच नाहीत. त्यातली एक सोडून गेली, पुण्यात कंपनीच्या सीएसआरमध्ये (समाजकामाच्या विभागात) लागली, चांगली मुलगी होती.

पेटीचा दिवस सगळ्यात भारी. एमएसडब्ल्यूवाल्यांनी आधी योजनांची यादी काढली, तेरा योजना. मग आमची बारावीची पोरगी म्हणाली, यातलं काहीच आधी नको, आधी बाईचं बँक खातं बघा, पासबुकावर नवऱ्याचा फोन नंबर आहे आणि तो सोडून गेलाय, ओटीपी त्याला जातो. सगळे गप्प. त्या पेटीकडे मीसुद्धा सात वर्षं बघत आलेय.

टेपवाल्या दिवशी तहसीलच्या रॅम्पवर सहा मोटरसायकली. त्यातली एक आमच्याच संस्थेची निघाली, चाकांवर, तुम्हाला कळवणं भाग होतं. पोलीस स्टेशनचा दिवस रद्द झाला, मॅडमना बंदोबस्त लागला. पुढच्या महिन्यात घेऊ म्हणतायत.

---

चाकांवर
रविवार, दुपारी १:०५

हाहाहा. नंबर प्लेटचा फोटो टाका.

---

वॉर्ड_चौदा
रविवार, दुपारी १:३०

ओटीपी!! उद्या आमच्या पोरांना हेच सांगते. ती बारावीची पोरगी आमच्याकडे पाठवा दोन दिवस, राहायची सोय माझ्या घरी.

---

रानफूल
रविवार, संध्याकाळी ५:४५

नमस्कार, आत्ताच धागा सापडला, सगळा वाचला नाही अजून. आमच्या संस्थेत सोमवारपासून असंच समावेशनाचं ट्रेनिंग आहे आणि काहीच तयारी नाहीये. ते १४० स्लाईडचं पीपीटी कुणी मेल करू शकेल का?